आत आल्याची वेळ

तिकडे पोर्तेरो म्हणतात, मुक्ता फोनवर सांगते.
वायादोलिदमधल्या तिच्या इमारतीत बाई आहे, म्हणजे पोर्तेरा.
जिन्याखालच्या खोलीत राहते,
कुणाचं पत्र कुठून आलं ते पाकीट न फोडता ओळखते,
आणि ओली छत्री घेऊन वर निघालं की ओरडते.

हे मी खाली जाऊन इलाहीला सांगितलं.
इलाही मुजावर, कृष्णाकाठ अपार्टमेंट, गावभाग, सांगली.
निळी प्लास्टिकची खुर्ची, एक पाय तारेनं बांधलेला.
त्यानं आधी खुर्ची सावलीत ओढली,
मग म्हणाला, बाई? रातपाळीलाबी?

तो आधी हरिपुरात हळदीच्या पेवांवर होता.
पेवाला दार नसतंय मास्तर, तोंड असतंय.
आणि उघडल्या उघडल्या आत उतरायचं न्हाई,
कोंडलेली हवा माणूस गिळती.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसून ऱ्हायाचं.
राखणदारी म्हंजे तेवढंच. अडवायचं न्हाई,
कधी उतरायचं ते सांगायचं.
मग एका पुरात पेवं गेली.
चार दिवस आडाचं पाणीसुद्धा पिवळं होतं म्हणतो.
मला खरं वाटत नाही. पण ऐकतो.

पुढच्या रविवारी मुक्ता म्हणाली,
गोलकीपरलाही पोर्तेरोच म्हणतात.
याच्यावर तो खूश झाला.
पार्किंगमध्ये पोरं खेळतात तेव्हा गेट हाच गोल,
आणि तिथं हाच उभा,
हातात चहाचा कप, बॉल पायानं अडवत.
तिथंबी असंच असणार, म्हणाला.
नव्वद मिनिटं कोण बघत न्हाई.
एक आत गेला, की समदे बघत्यात.

मे महिन्यात शिरगुप्प्यांच्या दोन बॅटऱ्या चोरीला गेल्या.
त्या वीस मिनिटांत इलाही चौथ्या मजल्यावर
माझा सिलिंडर चढवत होता. लिफ्ट बंद होती.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगणार होतो.
चहा आला. चिवडा आला. ठराव आला.
कॅमेरे चार, बटणांची पाटी एक,
पगार वाचेल, अडीच वर्षांत पैसे वसूल.
मी हात वर केला.
किती वर, ते आठवत नाही.

मुक्ताला सांगितलं तेव्हा ती हसली, मग थांबली.
त्या बटणांच्या पाटीलाही इथं पोर्तेरोच म्हणतात, बाबा.
आपोआप चालणारा पोर्तेरो.
म्हणजे माणूस गेला, तरी हाक तीच.
आपल्या पाटीवर कंपनीचं नाव आहे,
खाली, 'कृपया एकदाच दाबा'.

इलाही गेला त्या दिवशी विशेष काही झालं नाही.
खुर्ची त्याची स्वतःची होती, ती सायकलला बांधली.
किल्ल्या मोजून दिल्या. टाकी, मीटर, गच्ची,
आणि एक कशाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं,
त्यालाही.

काल त्याच्या वह्या चाळल्या.
नाव, कुणाकडे, काम, आत, बाहेर.
गॅसवाला. कुरिअर. जावई, दोनदा.
मांजर शोधायला आलेला मुलगा.
राहणाऱ्यांची नोंद करायची नसते, तसा नियमच आहे.
तरी तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, एका ओळीत:
मुक्ता. चौथा मजला. काम, शिकायला.
बाहेर, पहाटे ५.४०.
आतचा रकाना कोरा.

आणि त्यानंतरच्या प्रत्येक वहीत, पहिल्याच पानावर,
ती ओळ नव्यानं उतरवलेली.
पेन वेगळं, अक्षर तेच, बाहेर ५.४०,
आणि तेवढीच जागा मोकळी सोडलेली.

तेवढ्यात खालून कुणीतरी बटण दाबलं.
कोण, असं मी दोनदा विचारलं.
नुसती हवा.
मी दार उघडायचं बटण दाबलं.